पुढच्या खोलीवर पाटी अक्षदाची

मी, द्वारकाबाई महारुद्र हावळे, वय त्रेपन्न, शिक्षण चौथी पास, धंदा शेवया-पापड व शेती, राहणार कुर्डुवाडी रस्ता, परंडा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र माझ्या हातानं, माझ्या मर्जीनं, कुणाच्या धाकात किंवा भुलावणीत न येता लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. काळीज ठिकाणावर नाही, म्हणून तर लिहायला बसले. येत्या गुरुवारी सोलापूरच्या दवाखान्यात माझ्या काळजाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, भिऊ नका, बहुतेक बाया उठून घरी जातात. मी म्हणलं, ज्या उठत नाहीत त्यांनी मृत्युपत्र केलेलं असतंय का? त्यावर त्यांनी फक्त रागवायचं नाही एवढं सांगितलं. माझ्या नवऱ्याला त्यांनी टीव्हीत बघितलंय, घरात नाही.

कागद साधा आहे. मृत्युपत्राला स्टँप लागत नाही. शुद्धलेखनाच्या चुका ज्याला काढायच्या त्यानं काढाव्या, अर्थ बदलू नये.

कलम १. आधीचा कागद बाद.

माझ्या नावाचं एक मृत्युपत्र माझे पती महारुद्र यांनी मागच्या महिन्यात तयार केलं आहे. ते पाचशेच्या स्टँपावर टाइप केलेलं असून त्याला लाल फीत आहे. पहिली दोन पानं त्यांच्यावर आहेत. जन्म कुठं झाला, सोनारीच्या भैरवनाथाच्या जत्रेत पहिलं नाटक कधी केलं, कोणत्या मंत्र्यानं पाठीवर थाप मारली. माझं नाव तिसऱ्या पानावर येतं, ते पण 'सदर थोर कलावंताची धर्मपत्नी' असं. चौथ्या पानावर माझं घर, माझं रान, माझं सोनं, सगळं 'न्यायाचे आधारस्तंभ' यांना दिलेलं आहे. न्यायाचे आधारस्तंभ म्हणजे तेच.

हा कागद त्यांनी ओट्यावर उभं राहून वाचला. खाली गल्ली भरली होती. 'माझी द्वारका आता अनंतात विलीन झाली आहे' या वाक्याला टाळ्या पडल्या. मी आत पापड लाटत होते. आपल्या मरणाला पडलेल्या टाळ्या आपल्या कानानं ऐकणारी या तालुक्यातली मी पहिलीच बाई असेन.

त्यावर माझी सही नाही, अंगठा नाही. तो कागद कुणी पुढं केला तर तो बाद समजावा. फीत चांगली आहे, ती काढून घ्यावी.

कलम २. माझे पती कोण, याचा खुलासा.

सगळ्यांना माहीत आहे, पण कोर्टात माहीत असून चालत नाही, लिहिलेलं लागतं. माझे पती एसटी स्टँडवर नियंत्रक होते. भोंग्यावरून गाड्या पुकारायचे. आवाज असा, की कुर्डुवाडीची गाडी लागली हे कुर्डुवाडीलाच आधी कळायचं. निवृत्तीला थोडे दिवस उरले होते तेव्हा किल्ल्यात शूटिंगला मुंबईची माणसं आली. 'थांबा, न्यायमूर्ती!' नावाची मालिका होती. त्यांचा वकील झालेला नट परंड्याचं ऊन लागून आडवा झाला. त्यांना पांढऱ्या केसाचा, मोठ्या आवाजाचा माणूस पाहिजे होता. कुणीतरी स्टँड दाखवला.

बोलायचं एकच वाक्य होतं. 'मला पुढची तारीख मिळावी.' ते म्हणायला यांनी अर्धा घंटा लावला. मधी आईची आण घातली, छत्री आपटली, एक श्लोक म्हणला, जज झालेल्या माणसालाच रडवलं. मुंबईची माणसं येडी झाली. जुना नट बरा होऊन आला तवर त्याचा कोट यांच्या अंगात होता.

तेव्हापासून ते ॲडव्होकेट नरसिंगराव वज्रे झाले. वज्रे वकील एकही खटला हरत नाहीत. वज्रे वकील कागद वाचत नाहीत, कागद त्यांना घाबरून आपोआप उघडतो. वज्रे वकील साक्षीदाराला प्रश्न विचारताना त्याच्याकडं पाठ करतात, बराच वेळ गप्प राहतात आणि शेवटच्या शब्दाला गर्रकन वळतात. टीव्हीत ते बरं दिसतंय, तिथं ढोल वाजतोय. घरात मीठ मागायला पाठ फिरवतात, आणि वळून 'मीठ!' म्हणेपर्यंत माझी भांडी घासून झालेली असतात. दूधवाल्याला विचारलं, 'दुधात पाणी, का पाण्यात दूध? हो किंवा नाही, एवढंच बोल!' त्यानं दूध घालायचंच बंद केलं. उन्हाळ्यात बाजाराला काळा कोट घालून जातात. भाजीवाली म्हणाली, 'सायेब, कोट तरी काढा, घाम टमाट्यावर पडतुया.' तर म्हणाले, 'हरकत नामंजूर.'

अडीच वर्षांनी मालिकेवाल्यांनी वज्रे वकिलाला मारलं. भर कोर्टात, बोलता बोलता. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात माणसं सांत्वनाला आली. नवरा पुढं खुर्चीत बसलेला, हातात चहा, आणि अणदूरहून आलेल्या बाया माझ्या गळ्यात पडून म्हणायल्या, 'लई वाईट झालं बघा, अजून वय नव्हतं.' मी यांच्याकडं बघितलं. वाटलं, आता तरी म्हणतील, आवो मी हाय की जिवंत. तर हे डोळे मिटून, मान हलवून म्हणाले, 'असा वकील पुन्हा होणे नाही.'

मालिका संपली. वज्रे संपले नाहीत. ते आमच्या ओट्यावर बसतात.

कलम ३. घर.

परंड्यातलं तीन खोल्यांचं राहतं घर माझ्या नावावर आहे. हे माझ्या पतीच्या हुशारीनं झालेलं आहे. भावांनी वाटणीत धरू नये म्हणून प्लॉट घेताना त्यांनी माझं नाव लावलं आणि म्हणाले, 'तुझं नाव काय अन् माझं नाव काय, एकच.' एकच नाही. सातबाऱ्याला आणि नगरपालिकेला विचारावं.

सदर घर मी माझी एकुलती मुलगी अक्षदा हिला देत आहे. पुढची खोली, जिला रस्त्यावर दार आहे, ती तिच्या वकिलीच्या हापिसासाठी. सनद मिळाली की त्या दारावर तिच्या नावाची पाटी लावावी. पाटीवर 'सुप्रसिद्ध कलावंत महारुद्र हावळे यांची कन्या' असं काहीएक नसावं. नाव, शिक्षण, वेळ. बस.

मधल्या खोलीत माझ्या पतींनी हयातभर राहावं. त्यांना तिथून कुणी उठवू नये. दोन वेळची भाकरी, आंघोळीला गरम पाणी आणि ऐकायला एक माणूस मिळावं. ऐकणारं माणूस रोज बदलावं, एकाच्या डोक्याला सोसायचं नाही.

ओटा घराचाच भाग आहे. तिथं बसायला त्यांना बंदी नाही. मात्र तिथं बसून कुणालाही कोर्टकचेरीचा सल्ला देऊ नये. का, ते कलम सहामध्ये लिहिलं आहे.

कलम ४. पुठ्ठ्याचे वज्रे.

पुढच्या खोलीत सध्या माझ्या पतींचा पुठ्ठ्याचा पुतळा उभा आहे. माणसाएवढा, कोटासकट, एक बोट वर. शेजारी त्यांची छत्री, चष्मा आणि सात सन्मानचिन्हं काचेत. त्या खोलीला 'वज्रे स्मृतिदालन' करायचं म्हणून ते बसलेत. माणूस जिवंत असताना स्मृतिदालन कशाचं, असं विचारलं तर म्हणतात, 'मी दूरदृष्टीचा आहे.'

हा पुतळा मी एकदा आमच्या सोनारीच्या रानात बुजगावणं म्हणून लावून बघितला. डुकरं आली नाहीत, हे खरं लिहिते. माणसं मात्र पाया पडायला आली आणि भुईमूग तुडवून गेली. म्हणून पुतळा मधल्या खोलीत, त्यांच्या खाटेजवळ ठेवावा. दोघांनी एकमेकांना ऐकावं.

कलम ५. अक्षदाची वकिली आणि अक्षदाचं लग्न.

या मृत्युपत्राचं खरं काम इथं आहे. बाकीची कलमं घाईच्या माणसानं नंतर वाचली तरी चालतील.

अक्षदा धाराशिवला वकिलीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला नाटक येत नाही. हळू बोलते, आधी वाचते, मग बोलते. यामुळं तिच्या वडिलांचं मत असं, की ती वकील होऊच शकत नाही. तिनं फॉर्म भरला त्या दिवशी म्हणाले, 'एका म्यानात दोन तलवारी राहात नसतात.'

मी म्हणलं, 'बरोबर हाय. पर त्यातली एक पुठ्ठ्याची हाय.'

सहा दिवस बोलले नाहीत. त्या सहा दिवसांत माझा बीपी एकदम चांगला होता.

टीव्हीत यांनी एका मुलीला शिकू न देणाऱ्या बापाला असं झापलं होतं, की गावोगावच्या बायांनी यांच्या पायावर डोकी ठेवली. तो भाग मी दोनदा बघितला. दुसऱ्यांदा बघताना हे शेजारी बसले होते. मी म्हणलं, 'ह्यो बाप कोण म्हणायचा?' तर म्हणाले, 'गप. माझा क्लोजअप हाय.'

आता त्यांनी बार्शीचं एक स्थळ धरलंय. पोरगा वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पण बघायला आला तेव्हा अक्षदाशी दोन शब्द बोलला आणि यांच्याबरोबर फोटो काढत बसला. त्याच्या आईला सून नको, वज्रे वकील व्याही पाहिजेत. ती म्हणाली, 'पोरीनं शिक्षण सोडलं तरी आमची ना न्हाय.' सोडलं तरी म्हणे. जशी काय आम्हीच सोडवा म्हणून दारात उभ्या होतो.

माझं दुखणं निघाल्यावर मालकांनी नवीन मुद्दा काढला. आपल्याकडं घरातलं मोठं माणूस गेलं, की उपवर पोरीचं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. ते बार्शीवाल्यांना फोनवर सांगत होते, ते मी चुलीपाशी ऐकलं. 'ऑपरेशन झालं की बघू. ईश्वरी इच्छेनं काही बरंवाईट झालं, तर वर्षाच्या आत बार उडवून टाकू.' आवाज वज्रे वकिलाचा होता. वाईट वाटलं असेल आत कुठंतरी, नाही म्हणत नाही, पस्तीस वर्षांची संगत आहे. पण माझ्या मरणाला मुहूर्त जोडून मोकळे झाले.

म्हणून लिहून ठेवते. माझ्या मरणाचं निमित्त करून अक्षदाचं लग्न वर्षाच्या आत करायचं नाही. भाऊबंद, सोयरे, भटजी कुणीही म्हणालं की मग तीन वर्षं थांबावं लागेल, तर तीन वर्षं थांबावं. तेवढ्यात ती परीक्षा देईल, सनद घेईल, चार खटले हरेल, दोन जिंकेल. त्यानंतर तिला वाटलं तर लग्न करावं, कुणाशी ते तिनं सांगावं. सुतक मी पाडणार आहे, तेव्हा त्यात काय करायचं आणि काय नाही हे मीच ठरवणार.

तिचं शिक्षण मधीच सोडवलं तर मधल्या खोलीची सवलत त्या दिवसापासून बंद. मग खुशाल पुतळ्याला काखेत मारून बार्शीला व्याह्यांकडं राहायला जावं.

कलम ६. सोनारीचं रान आणि तुळजाबाईची वाट.

माझ्या वडिलांनी बक्षीसपत्रानं मला दिलेलं सोनारीचं दोन एकर रान अक्षदाला. कसायला माझा भाऊ शिवानंद आहे तोच असावा. तो प्रामाणिक आहे, फक्त दर वर्षी तूर कमी झाली म्हणतो. म्हणू द्यावं.

या रानाच्या पलीकडं तुळजाबाईचं रान आहे. तुळजाबाई म्हातारी, एकटी. तिच्या रानात जायची जुनी वाट शेजाऱ्यानं अडवली, म्हणून तिनं तहसिलात दावा लावला होता. तारीख पडली. ती कुठल्याही वकिलाकडं न जाता आमच्या ओट्यावर आली. टीव्हीतला वकील आपल्या गावचा, आपल्या भैरवनाथाच्या जत्रेतला, त्याच्यापेक्षा मोठा कोण?

मी दारातच होते. तुळजाबाई म्हणाली, 'सायेब, उंद्या तारीख हाय. काय बोलू म्या?'

हे म्हणाले, 'बोलायचं काहीच नाही. जायचंच नाही.'

'आन् मग?'

'पहिल्या दोन तारखांना नरसिंगराव वज्रे कधीच जात नसतात. समोरच्याला वाटू द्यायचं, की आपण जिंकलो. तिसऱ्या तारखेला दार ढकलून आत शिरायचं.'

म्हातारीनं हात जोडले. मी म्हणलं, 'तुळजाक्का, जा गं तू उद्या, ह्यांचं ऐकू नगंस.' तर म्हातारी माझ्यावरच तापली. 'तुला काय कळतंय गं? जिंकत्यात त्ये. म्या बघितलंय.'

गेली नाही. दुसऱ्या तारखेला पण गेली नाही. तिसरी तारीख पडलीच नाही, तिच्या माघारी निकाल लागला. शेजाऱ्यानं वाटेत चर खणला. त्या वर्षीची तूर तुळजाबाईनं डोक्यावर वाहिली. हे कळलं तेव्हा मालक म्हणाले, 'पटकथा कच्ची होती.'

अक्षदानं तिला धाराशिवला आपल्या मॅडमकडं नेलं, खऱ्या वकील आहेत त्या. त्यांनी अर्ज टाकून ते प्रकरण परत उघडलं. अजून चालू आहे. मालकांनी गावात सांगितलं, की हा आपल्याच डावाचा पुढचा भाग होता. तुळजाबाईचा आजपण त्यांच्यावर राग नाही. मला त्याचाच राग येतो.

तर निकाल काही का लागेना, माझ्या रानाच्या उगवतीच्या बांधाकडनं बैलगाडी जाईल एवढी वाट तुळजाबाईला आणि तिच्या मागून ते रान कसणाऱ्याला कायम द्यावी. अक्षदानं त्याचा रीतसर कागद करून द्यावा. शिवानंद कुरकुर करेल. त्याला सांगावं, अक्कानं सांगितलंय. उसाच्या वेळी बांध पुढं सरकवायची त्याला खोड आहे, तेवढ्यावर लक्ष ठेवावं.

कलम ७. बाकीच्या वस्तू.

शेवयाचं मशीन, मोटरसकट, बानूबाईला. उन्हाळाभर माझ्या बरोबरीनं ती त्यावर उभी राहिलेली आहे. मोटर अडली की बाजूला एक चापट मारावी लागते, ती तिलाच जमते. पापडाची लाटणी आणि पाट पण तिलाच.

पाटल्या आणि बोरमाळ अक्षदाला. पाटल्या मोडून वकिलीची पुस्तकं घेतली तरी माझी हरकत नाही. बोरमाळ मोडायची नाही, ती माझ्या आईची.

काळा कोट मालकांचाच आहे, तो मी देऊ शकत नाही. दिला असता तर बोहारणीला दिला असता.

माझी चांगली लुगडी बानूबाईनं आणि अक्षदानं बसून वाटून घ्यावीत. मोरपंखी तेवढं माझ्या धाकट्या नणंदेला देऊ नये. तिनं ते माझ्याच घरी, माझ्याच कपाटातून काढून, 'वैनी, हे तुम्हाला शोभत न्हाय' असं म्हणलं होतं. माझ्या मागं ते कुणालाही शोभू दे, तिला नको.

कलम ८. माझं पुढचं कार्य.

चौकात माझा फोटो छापून बोर्ड लावू नये. लावलाच, तर त्यात मालकांचा फोटो माझ्या फोटोपेक्षा मोठा नसावा. हे मी उगाच लिहीत नाही. माझ्या सासूच्या वेळचा बोर्ड लोकांनी वाढदिवसाचा समजला होता आणि दोघं हार घेऊन आले होते.

श्रद्धांजलीचं भाषण नको. दहाव्याला घाटावर तर बिलकूल नको. कावळा शिवायला उशीर झाला, तर मालकांनी पुढं होऊन कावळ्याची उलटतपासणी घेऊ नये. माझा जीव कशात अडकलाय हे आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे तिथं उभ्या माणसांना शोधत बसायला नको. अक्षदानं पिंडाजवळ जाऊन एवढंच म्हणावं, 'आई, मी परीक्षा देते.' तरी शिवला नाही, तर कावळ्यालाच काम असेल. दर्भाचा कावळा करून मोकळं व्हावं आणि माणसांना जेवायला वाढावं. आमटी तिखट असावी.

कलम ९. व्यवस्था बघणारा.

या मृत्युपत्राप्रमाणे सगळं होतंय का, हे बघायला मी माझा भाऊ शिवानंद याला नेमते. माझ्या पतींना नेमलेलं नाही. त्यांना याचा राग येणार. तो राग त्यांनी एखाद्या मालिकेत वापरावा.

माझं त्यांच्याशी वैर नाही. स्टँडवर असताना माणूस चांगला होता. पावसापाण्यात एखादी म्हातारी चुकीच्या गाडीत बसली, की भोंगा सोडून, पळत जाऊन तिला उतरवून घ्यायचे. तेव्हा त्यांना कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. एवढंच म्हणणं आहे.

कलम १०. सही करण्याआधी जे झालं त्याची नोंद.

इथवर लिहून झाल्यावर मी सहीला दोन साक्षीदार बोलावले. एक, आमच्या शेजारचे निवृत्त हेडमास्तर शरणबसप्पा गुरुजी. दुसरा, बोर्ड छापणारा बालाजी. तो मालकांच्या वाढदिवसाच्या बोर्डाचं माप घ्यायला आला होता, त्याला तसाच धरला. बानूबाईला साक्षीदार केलं नाही. तिला मशीन मिळणार आहे, उगाच कुणाला बोलायला जागा नको, असं अक्षदा म्हणाली.

एवढ्यात मालक आले. म्हणाले, 'माझ्या घरात, माझ्या पाठीमागं, काय चाललंय?' मी कागद त्यांच्या हातात दिला. खाटेवर बसून त्यांनी सगळा वाचला. मधी एकदा हसले, भुईमुगाजवळ असेल. कलम पाचला चष्मा काढून पुसला. मग उठले.

'ह्या कागदाला मी आव्हान देणार,' म्हणाले. 'खोलीला पण, आन् तीन वर्षं थांबायला पण.'

गुरुजी म्हणाले, 'महारुद्रराव, त्याला वकील लागेल. खराखुरा.'

'देऊ की.'

'परंड्यातला कोण घेईल तुमचं काम? सगळ्या वकिलांनी मिळून तुमच्या ओट्याची तक्रार केलेली आहे.'

मालक बोटं मोजायला लागले. सगळ्यांची नावं मनात घेतली असतील, एकेक कटत गेलं असेल. मग एकदम म्हणाले, 'बाहेरचा कशाला पाहिजे? अक्षदा चालवंल.'

'अक्षदा?' बालाजीच्या हातातला टेप सर्रकन मिटला.

'का? वकील न्हाय का ती?'

आपण काय बोललो ते त्यांना कळलं होतं का नाही, देवाला माहीत. अक्षदा दारात उभी होती, ती खाली बघायला लागली. गुरुजी म्हणाले, 'अहो, घर तर तिलाच दिलंय. ती स्वतःच्याच विरुद्ध कशी उभी राहील?'

'मग तर हरायची भीतीच न्हाय,' मालक म्हणाले. 'जिंकली तरी आपलीच, हरली तरी आपलीच.'

अक्षदा हळूच म्हणाली, 'अण्णा, सनद हातात यायला अजून वर्ष आहे.'

'मग वर्षानं दावा लावू. थांबतो मी.'

'पण अण्णा, मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. आई आहे तोवर दावा लावायचा कशावर?'

मालकांनी माझ्याकडं बघितलं. हातात छत्री नव्हती, अंगात कोट नव्हता, दाढी वाढलेली होती. आवाज भोंग्यातला पण नव्हता आणि टीव्हीतला पण नव्हता. म्हणाले, 'मग हिनं वर्षभर कुठं जायचं न्हाय. वकील तयार हुईपर्यंत तरी न्हाय. माझा खटला हाय.'

आणि माझी दवाखान्याची पिशवी उघडून, कानटोपी घेतली का न्हाय, ते बघत बसले.

वरचं बोलणं दोन्ही साक्षीदारांनी ऐकलं आहे. अक्षदाला तिच्या वडिलांनी वकील म्हणलं, असं या घरात पहिल्यांदा झालं, म्हणून नोंदवून ठेवलं. यामुळं वरचं एकही कलम बदललेलं नाही. माणूस उद्या फिरतो, कागद फिरत नाही. त्यांनी मागितलेल्या वर्षाचं म्हणाल तर ते देणं सगळंच माझ्या हातात नाही. जेवढं आहे तेवढं देईन. गुरुवारी टेबलावर झोपताना डॉक्टरला सांगणार आहे, की माझ्यावर तारीख पडलेली आहे, मला परत जायचंय.

हे मृत्युपत्र मी वाचून बघितलं. जे लिहिलं तेच म्हणायचं होतं. सही करते.

सही
द्वारकाबाई महारुद्र हावळे

आम्ही खाली सही करणारे लिहून देतो, की द्वारकाबाईंनी वरची सही आमच्या डोळ्यादेखत केली, आणि आम्ही आमच्या सह्या त्यांच्यासमोर केल्या. सही करताना त्या पूर्ण शुद्धीवर होत्या. थोड्या रागात होत्या, पण त्या नेहमीच असतात. कुणी जबरदस्ती केलेली नाही. त्यांच्यावर जबरदस्ती करणारा माणूस आमच्या पाहण्यात नाही.

साक्षीदार
१. शरणबसप्पा गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, परंडा
२. बालाजी, फ्लेक्स छपाई, परंडा

स्थळ : परंडा, मधली खोली
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५, सोमवार